भाषा ओलांडून आलेली मुलं

भाषा शिकवण्यावरची पुस्तकं इंग्रजीला आपल्याकडची दुसरी भाषा म्हणतात. हिंगोली जिल्ह्यातल्या बी.ए. प्रथम वर्षाच्या वर्गात ही गणती लागू पडत नाही. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरून येते. घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा. आईला ती याडी म्हणते. मराठी तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत भेटली, आणि पहिलीचं वर्षभर आपण वर्गात गप्पच बसून होतो, असं ती सांगते. तिच्या मागच्या बाकावरची मुलगी हिंगोली शहरातली. घरात दखनी, शाळा उर्दू माध्यमाची, भाजी घेताना मराठी, मालिका हिंदीत. खिडकीशी बसणारा मुलगा औंढ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आंध आदिवासींच्या वस्तीतला. सेनगावकडून येणाऱ्यांच्या बोलण्याला वऱ्हाडाचा वारा लागलेला, तर वसमतची मुलं नांदेडकरांसारखी ‘करायलंय, यायलंय’ म्हणतात. पाठ्यपुस्तकातली मराठी यातल्या बहुतेकांनी शिकून मिळवलेली आहे. इंग्रजी तिच्यानंतरची, कुणाची तिसरी भाषा, कुणाची चौथी.

तरी या मुलांना वाटतं, आपल्याला भाषाच येत नाहीत. वर्ष सुरू झालं की पहिल्या आठवड्यात मी एकेकाला विचारते, तुला किती भाषा येतात? उत्तर ठरलेलं असतं. “एकच मॅडम, मराठी. इंग्रजी लई कच्चंय.” तांड्यावरच्या मुलीनेही हेच उत्तर दिलं होतं. गोरबोली तिने मोजलीच नाही. दखनी बोलणारी मुलगी उर्दू सांगते, दखनी सांगत नाही. घरची बोली ही मोजण्याजोगी भाषा नव्हे, हे त्यांना कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असतं. बहुधा शब्दांनी शिकवलेलं नसतं, हसण्यातून शिकवलेलं असतं. मग आम्ही फळ्यावर सगळ्या भाषा लिहून काढतो. कोण कोणाशी कशात बोलतं, भांडतं कशात, देवाला काय म्हणतं, पैसे मोजताना मनात आकडे कोणत्या भाषेत येतात. फळा भरतो. हा तास अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. पण इंग्रजीचा माझा पहिला धडा हाच असतो. ज्या मुलीने सहाव्या-सातव्या वर्षी, कुणाच्या मदतीशिवाय, एक अख्खी परकी भाषा कानाने उचलली आणि पुढे त्या भाषेत बारावी पास होऊन दाखवली, तिला भाषा शिकता येत नाही असं म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

हा मुलूखच भाषांच्या ये-जा करण्याचा आहे. कयाधूच्या काठचं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव आमच्याच जिल्ह्यातलं. नामदेव इथून निघाले ते पंजाबात घुमानपर्यंत पोचले, आणि तिकडच्या लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी पदं रचली. त्यातली 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा आमच्याकडे अनेकांनी नकाशा उघडून ते गाव किती लांब आहे ते पाहिलं. मला मात्र दर वेळी वेगळाच प्रश्न पडतो. मराठीत अभंग रचणारा हा माणूस तिकडची बोली शिकला कसा असेल? बाजारात, धर्मशाळेत, भजनाला बसलेल्या माणसांत? पहिल्यांदा बोलताना चुकला असेल, लोक हसले असतील, तरी बोलत राहिला असेल. वर्गात हे सांगते तेव्हा वारकऱ्यांच्या घरातली मुलं एकदम मान वर करतात. नामदेव परकी भाषा शिकले होते, ही गोष्ट त्यांनी त्या बाजूने कधी पाहिलेलीच नसते.

नंतरच्या काळात इथे सत्तेची भाषा बदलत राहिली. निजामाच्या राज्यात आधी फारसी, मग उर्दू. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी हिंगोलीला होती, तिथले अधिकारी इंग्रज होते. इंग्रजी अशी आमच्या गावाशेजारीच राहत होती, पण पलीकडच्यांची म्हणून. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, ते उच्च शिक्षण उर्दूतून देणारं. मराठवाड्यातल्या एका पिढीने गणित, इतिहास, कायदा सगळं उर्दूत शिकलं. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला आणि त्या पिढीची शिकलेली भाषा बघता बघता कचेरीतून नाहीशी झाली. अलीकडे, 2023 साली, मराठवाड्यात आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा जुनी दफ्तरं वाचण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. ज्या अक्षरांत आपल्याच आजोबा-पणजोबांची नावं लिहिलेली आहेत, ती आपल्यालाच वाचता येत नाहीत, हा अनुभव माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांनी नुकताच घेतलाय. कागदावरची भाषा ज्याच्या हातात, त्याच्या हातात बरंच काही असतं, हे त्यांना मी वेगळं समजावून सांगायला नको.

आमचं विद्यापीठ नांदेडचं, 17 सप्टेंबर 1994 ला स्थापन झालेलं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. हैदराबाद मुक्तिलढ्याचं नेतृत्व करणाऱ्या स्वामीजींनी त्या लढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. आणि विचारवंत नरहर कुरुंदकर तर या जिल्ह्याचेच. त्यांच्या आडनावातलं कुरुंदा वसमत तालुक्यात आहे. हैदराबादला मामांकडे, म्हणजे उस्मानियात मराठी शिकवणाऱ्या डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे, ते शिकायला राहिले. इंटरच्या परीक्षेत नापास झाले, आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. इतिहास, तत्त्वज्ञान, समीक्षा यांतलं जगभरचं वाचावं आणि ते सगळं पचवून आपल्या माणसांसाठी मराठीत मांडावं, असा त्यांचा रिवाज. कोठारी आयोगाने साठच्या दशकात इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा म्हटलं होतं. म्हणजे काय, ते आयोगाच्या अहवालापेक्षा कुरुंदकरांचा एखादा लेखसंग्रह वाचून जास्त कळतं. ते ज्या इंग्रजीशी दोस्ती करून होते, ती मिरवायची नव्हती, कामाची होती. माझ्या मुलांना द्यायची आहे ती हीच.

प्रत्यक्ष वर्गात मात्र फार वेगळी इंग्रजी येऊन बसलेली असते. 2000 साली महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे माझ्यासमोरचा प्रत्येक मुलगा बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेला आहे. बारा वर्षं म्हणजे केवढा काळ! पण या वर्षांत त्याने इंग्रजी पाहिली पुष्कळ, उतरवून काढली त्याहून जास्त, ऐकली थोडी आणि बोलली जवळजवळ नाहीच. अक्षर सुरेख असतं. मोत्यासारख्या अक्षरात चार-चार पानांचा निबंध गाईडमधून पाठ केलेला असतो, एका ठिकाणी ओळ सुटली तर पुढचं सगळं थांबतं. या पाठांतराला नावं ठेवणारे मी खूप ऐकलेत, आणि मला ते पटत नाही. ज्या भाषेचा अर्थ लागत नाही त्या भाषेतली चार पानं डोक्यात ठेवणं ही मेहनत आहे. पोरगं कष्टाला मागे हटत नाही, याचा तो पुरावा आहे. त्या कष्टाला चुकीच्या शेतात राबवलं गेलं, हा दोष त्याचा नाही.

वर्गाचं कॅलेंडर विद्यापीठाच्या कॅलेंडरवर चालत नाही, तेही सांगायला हवं. पेरण्या आटोपल्या की वर्ग भरायला लागतो. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की निम्मा रिकामा. दिवाळीच्या आगेमागे तांड्यांवरून ट्रक निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला. आई-बापाचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, असतो; धाकटी भावंडं सांभाळायला मोठी मुलगी बरोबर जाते. फेब्रुवारी-मार्चात हळद. जी मुलं येतात त्यांचा जीव एसटीच्या वेळेत अडकलेला. दुपारची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी, आणि संध्याकाळच्या गाडीने मुलगी घरी पोचली की दुसऱ्या दिवशी तिच्या येण्यावर घरात चर्चा होते. माझे निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर आहेत. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसं तासावर पैसे घेऊन शिकवतात, सुट्ट्यांचे पैसे मिळत नाहीत, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्यातले काही जण माझ्यापेक्षा चांगले शिकवतात. चार ओळींत आटोपायचा हा विषय नाही, पण ग्रामीण भागात इंग्रजी का येत नाही यावर बोलताना जे मुलांकडे बोट दाखवतात, त्यांनी ही रिकामी पदं आधी मोजावीत.

बोलण्याची भीती हा वेगळ्या प्रकरणाचा विषय. “मॅडम, समजायलंय, पण बोलता यायना,” हे वाक्य मी दर वर्षी ऐकते, आणि ते खरं असतं. मुलांची भीती मुलांसमोर हसं होण्याची असते. मुलींची त्याहून खोल आहे. त्यांना मोठ्याने बोलायचीच सवय लावलेली नसते, मग भाषा कोणतीही असो. एक मुलगी इतक्या हळू बोलायची की शेवटी तिच्या बाकाशी जाऊन उभं राहावं लागे. तिला मी महिनाभर इंग्रजीबद्दल काहीच म्हटलं नाही. फक्त मराठीतच, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं वाचायला लावलं. आवाज आधी मोकळा झाला, मग इंग्रजी आली.

वर्गात फक्त इंग्रजीच बोलायची, असा नियम काही ठिकाणी असतो. तो नियम मला मान्य नाही. हैदराबादला 1958 साली इंग्रजी शिकवणाऱ्यांना तयार करणारी केंद्रीय संस्था निघाली, आज ते इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ आहे. मराठवाड्याला हैदराबाद जवळचं. दक्षिणेकडून वाहत आलेल्या विचारांपैकी मला सगळ्यात उपयोगी पडले ते एन. एस. प्रभू यांचे. 1979 पासून पाच वर्षं त्यांनी दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे नियम आधी घोकून घ्यायचे नाहीत. मुलांपुढे एखादं कोडं ठेवायचं, रेल्वेचं वेळापत्रक, गावाचा नकाशा. डोकं ते सोडवण्यात गुंतलं की भाषा मागोमाग येते, असा त्यांचा भरवसा. मी वर्गात एसटीचं आणि अकोला–पूर्णा मार्गावरच्या गाड्यांचं वेळापत्रक घेऊन जाते. सेनगावच्या खेड्यातून निघून साडेदहाला नांदेडला विद्यापीठात पोचायचंय, कसं पोचाल? सांगायचं इंग्रजीत, डोकं कोणत्याही भाषेत चालवा. पोरं मराठीत, गोरबोलीत, दखनीत कडाकडा भांडतात, आणि मग एक जण उभं राहून तीन वाक्यं इंग्रजीत सांगतो. त्या तीन वाक्यांच्या मागे जी गर्दी असते, तिला वर्गाबाहेर काढून ती तीन वाक्यं येणार नाहीत. बोलताना तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापदाला लागणारा एस सुटला, तर मी टोकत नाही. लिहिताना मात्र सोडत नाही.

कर्मणी प्रयोगाचा तास माझ्या कायम लक्षात राहील. व्याकरणाच्या पुस्तकात तो राम-रावणाने सुरू होतो; रामाने रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला. मुलं वाक्यं उलटीपालटी करतात, गुण मिळवतात, आणि असं उलटं बोलायची गरज कुणाला का पडावी, हे कुणाला कळत नाही. मी एका फेब्रुवारीत टेबलावर हळदीचा जेठा गड्डा ठेवला, माती लागलेला, शेजारी पॉलिश केलेली हळकुंडं. वसमत आणि हिंगोली ही हळदीची गावं. मोंढ्यात हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात, वाऱ्यावर वास असतो, वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हटलं, परगावच्या माणसाला, ज्याने हळद फक्त डब्यात पाहिली आहे, त्याला सांगा या गड्ड्याचं हे हळकुंड कसं होतं.

वर्ग असा कधी बोलला नव्हता. पाला वाळला की तो कापायचा. जमीन जरा उलू द्यायची, मग काढणी. गड्डे, हळकुंडं, बेणं वेगळं करायचं. जुनी पद्धत कढईची, आता वाफेचे कुकर येतात भाड्याने. शिजलं का ते काडी टोचून बघायचं. मग वाळवण, दहा-पंधरा दिवस, रात्री दव पडतं म्हणून झाकायचं. मग ड्रममध्ये पॉलिश. एक मुलगा म्हणाला, कमी शिजली तर मोडताना कळतंय. दुसरा म्हणाला, जास्त शिजली तर भाव पडतोय. हे सगळं इंग्रजीत लिहायला घेतलं तेव्हा कर्मणी प्रयोग आपणहून आला. द लीव्ह्ज आर कट. द राइझोम्स आर बॉइल्ड. दे आर ड्राइड इन द सन. कापणारा कोण, शिजवणारा कोण, हे सांगायची गरज नाही, कारण आपण कृती सांगतोय. प्रयोगशाळेतल्या नोंदी बहुतेकदा अशाच लिहिलेल्या असतात, असं मी सांगितलं. मुलांच्या चेहऱ्यावर उलगडा दिसत होता.

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिची आई हंगामात दुसऱ्याच्या शेतात हळद वेचायला, मोडायला जाते. ती म्हणाली, “मॅडम, मग मोडणारी बाई वाक्यात कुठाय?”

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं हा प्रयोग शिकवताना मला स्वतःला जे सुचलं नव्हतं, ते त्या मुलीने एका वाक्यात विचारलं होतं. कृती स्वच्छ दिसावी म्हणून भाषा करणाऱ्याला बाजूला करते, आणि बाजूला होणारा कोण असतो, तर बहुतेकदा मजुरी करणारी बाई. त्या दिवशी आम्ही तोच मजकूर दोनदा लिहिला. एक परगावच्या माणसासाठी, कर्मणी. दुसरा तिच्या आईसाठी, कर्तरी. दुसऱ्या मजकुरात हात आले, पिवळी पडलेली नखं आली, वेचणीचा रोज आला, उन्हात वाळवण राखणारी आजी आली. पहिला मजकूर बारा ओळींचा झाला, दुसरा दीड पान. चुका दुसऱ्यात जास्त होत्या. पण गाईडमधून न उचललेली एवढी इंग्रजी त्या वर्गात त्याआधी कुणी लिहिली नव्हती. दोन्ही कागद मी जपून ठेवलेत.

कला शाखेच्या मुलांना इंग्रजी कशाला, असं विचारणारे भेटतात. विज्ञानाला लागते, कॉमर्सला लागते, बी.ए.वाल्यांना पोलीस भरती करायची किंवा तलाठ्याची परीक्षा द्यायची. भरती करायची, खरंच आहे. हिंगोलीच्या मैदानावर पहाटे पळणारी मुलं माझ्याच वर्गातली आहेत, आणि त्यांना दमलेल्या डोळ्यांनी पहिल्या तासाला बसलेलं पाहिलं की माझा जीव तुटतो. पण याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2600 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, अमेरिकेत हॅनफर्डला आणि लिव्हिंग्स्टनला आहेत तसे. तिथल्या यंत्रांनी सप्टेंबर 2015 मध्ये पहिल्यांदा दोन कृष्णविवरांच्या मिलनाची थरथर टिपली. आमच्या बाजूच्या शिवारात जगभरचे शास्त्रज्ञ येणार.

शास्त्रज्ञ त्यांचं काम करतील. पण ते ज्या गावात येतील, त्या गावाबद्दल त्यांना कोण सांगणार? औंढ्याच्या देवळाच्या दगडी भिंतींवर काय कोरलंय, विसोबा खेचर आणि नामदेवांची गोष्ट काय, तांड्यावरच्या बाईच्या फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरसे का, इथे पाऊस किती आणि कधी, जमिनी दिल्या त्यांच्या मनात काय आहे? हे सांगणं कला शाखेचं काम आहे. इतिहास, लोकसाहित्य, समाजशास्त्र शिकलेली ही मुलं आहेत. त्यांनी सांगितलं नाही, तर बाहेरून आलेला कुणीतरी त्यांच्याबद्दल लिहील, आणि ते छापील इंग्रजी वाक्य उद्या यांच्याच नातवंडांना अभ्यासाला येईल. म्हणून मी आता मुलांना स्वतःच्या गावावर इंग्रजीत माहिती लिहायला लावते. पहिल्या मसुद्यात प्रत्येकाचं गाव ‘माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल’ असतं. ते वाक्य खोडायला लावते. सुंदर म्हणजे काय, ते लिही. विहीर किती पुरुष खोल? पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं? जत्रा कोणत्या देवाची? दुसऱ्या मसुद्यात गाव दिसायला लागतं.

शहरातल्या लोकांना वाटतं, खेड्यातल्या पोरांना इंग्रजी हवी ती इथून बाहेर पडायला. काहींना हवीच आहे, आणि त्यांनी जावं, पुण्याला जावं, त्याहून लांब जावं. पालक हल्ली पोटाला चिमटा काढून लहानग्यांना इंग्रजी माध्यमात घालतात, पिवळ्या व्हॅनमधून टाय लावलेली पोरं जातात, ते पाहून मला त्यांच्यावर रागवता येत नाही. दार बंद राहिल्याचा अनुभव घेतलेला बाप मुलासाठी पहिली मिळेल ती किल्ली उचलतो. फक्त घरची भाषा दाराबाहेर ठेवून यावी लागणार नाही, अशी इंग्रजी त्या मुलाला मिळावी, एवढी माझी आस आहे. माझ्या वर्गात तरी कुणाला ती बाहेर ठेवावी लागत नाही.

कळमनुरीकडची ती पहिल्या बाकावरची मुलगी यंदा दिवाळीनंतर आली नाही. आई आजारी, म्हणून कोयत्याला बापाबरोबर तीच गेली. जाताना मी तिला म्हटलं होतं, जमेल तेव्हा मोबाइलवर इंग्रजीत बोलून पाठव, दोन मिनिटं, चुकलं तरी चालेल. बरेच दिवस काही आलं नाही. मग एका रात्री निरोपांची रांग लागली. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुत्री, कुणीतरी गोरबोलीत हाका मारतंय. ती सांगत होती की पहाटे चारला फडात जातो. धुकं असतं. पाचट हाताला कापतं. मोळ्या बांधायचं काम तिचं, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायचंही. कोपीत लाइट नाही, मोबाइल मुकादमाच्या घरी चार्ज करतात. वाक्यं तुटक होती, काळ एकमेकांत मिसळले होते, पण एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं. जिथे अडली तिथे तिने मराठी शब्द टाकला आणि न थांबता पुढे गेली. असं पुढे जाता येणं, हे मी तिला शिकवलेलं नाही. पहिलीच्या वर्गात गप्प बसून मराठी ऐकत होती तेव्हाच ती ते शिकली होती.

शेवटच्या निरोपात तिने विचारलं होतं की परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती, आणि वडिलांची सही नसली तर चालेल का. संपूर्ण प्रश्न इंग्रजीत. मी उत्तरही इंग्रजीतच पाठवलं, सावकाश बोलून, तारीख दोनदा सांगून. दुसऱ्या दिवशी तिचा पुढचा प्रश्न आला: उशिराची फी किती?